चिठ्ठीतले औषध हाती पडेपर्यंत : स्टॉकटनच्या फार्मसी महाविद्यालयाची सत्तर वर्षे (१९५५–२०२५)

कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहरात, युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिकचे फार्मसी महाविद्यालय १९५५ साली सुरू झाले. २०२५ मध्ये त्याने सत्तर वर्षे पूर्ण केली. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या 'मेडिकेअर' या सरकारी आरोग्यविम्यानेही याच वर्षी साठी गाठली. महाविद्यालय थोरले, मेडिकेअर धाकटी. महाविद्यालयाच्या पहिल्या पन्नास वर्षांत दोघे आपापल्या वाटेने चालले. २००६ साली मेडिकेअरमध्ये औषधांचा विमा आला, पुढच्याच वर्षी महाविद्यालयाचे विद्यार्थी तो विमा ज्येष्ठांना समजावून सांगण्यासाठी गावोगावी जाऊ लागले, आणि दोन्ही वाटा एकत्र आल्या. या लेखात संस्थेचा इतिहास मांडताना तिच्या याच कामावर भर दिला आहे. कारण सत्तर वर्षांत फार्मासिस्टचे काम कुठून कुठे आले, हे त्यातून सर्वांत स्पष्ट दिसते.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. मेडिकेअरचा कायदा १९६५चा आणि भारतीयांना अमेरिकेचे दार मोकळे करणारा स्थलांतराचा कायदाही १९६५चाच. त्या दारातून गेलेले आपले डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ आज स्वतः मेडिकेअरचे कार्डधारक आहेत. मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांची संख्याही मोठी आहे.

पायाभरणी : १९५५ ते १९६५

मूळ संस्था, म्हणजे विद्यापीठ, जुनी. १८५१ साली सनद मिळालेले हे कॉलेज सांता क्लारा आणि सॅन होजे इथे वाढले आणि १९२४ साली स्टॉकटनला स्थलांतरित झाले. १९६१ साली त्याचे नाव 'युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिक' झाले. स्टॉकटन हे सॅन होआकिन खोऱ्यातल्या शेतीप्रधान प्रदेशाचे शहर. समुद्रापासून आत असूनही १९३३ पासून इथे मोठ्या जहाजांचे बंदर आहे. शेतांवर, गोदामांत, बंदरावर राबायला फिलिपिनो, मेक्सिकन, चिनी, जपानी आणि पंजाबी माणसे आली आणि इथलीच झाली. अमेरिकेतला पहिला कायमस्वरूपी गुरुद्वारा १९१२ साली याच शहरात उभा राहिला. अनेक भाषा बोलणाऱ्या कष्टकऱ्यांचे हे शहर महाविद्यालयाच्या पुढच्या वाटचालीला आकार देणारे ठरले.

पहिले अधिष्ठाता आयव्हन रोलँड यांनी आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी संस्थेची घडी बसवली. खोऱ्यातल्या गावांना शिकलेले फार्मासिस्ट हवे होते. ते याच भागात तयार व्हावेत आणि याच भागात राहावेत, हा हेतू होता. प्रयोगशाळा उभारणे, अध्यापक मिळवणे, मान्यता मिळवणे ही नव्या संस्थेच्या वाट्याला येणारी सारी कामे पहिल्या पिढीने केली. त्यांतल्या अनेकांची नावे फलकावर नाहीत. संस्था उभी आहे हेच त्यांचे स्मारक.

त्या काळी फार्मासिस्टकडून काय अपेक्षा होती, हे इथे सांगायला हवे. अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनने १९५२ साली स्वीकारलेली आचारसंहिता तेव्हा लागू होती. चिठ्ठीतल्या औषधाचा परिणाम काय, त्यात काय घातले आहे, याची चर्चा फार्मासिस्टने रुग्णाशी करू नये, विचारलेच तर डॉक्टरांकडे पाठवावे, असे तिचे सांगणे होते. म्हणजे या महाविद्यालयाची पहिली तुकडी ज्या व्यवसायात उतरली, तिथे औषध अचूक मोजून, बाटलीवर चिठ्ठी लावून देणे आणि रुग्णाशी औषधाबद्दल न बोलणे, हेच उत्तम काम मानले जाई.

विस्ताराचे दशक : १९६५ ते १९७५

३० जुलै १९६५ रोजी मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे ते गाव. पहिले कार्ड त्यांनाच देण्यात आले. १ जुलै १९६६ पासून सुमारे एक कोटी नव्वद लाख ज्येष्ठांना या विम्याचे संरक्षण मिळाले. 'पार्ट ए'मध्ये रुग्णालयाचा खर्च आणि 'पार्ट बी'मध्ये डॉक्टरांची फी, अशी त्याची मांडणी होती. पार्ट बीचा मासिक हप्ता होता तीन डॉलर.

मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेली आणि घरी घ्यायची औषधे या विम्यात नव्हती. रुग्णालयात मिळणारे औषध विम्यात, पण घरी गेल्यावर रोज घ्यायची गोळी स्वतःच्या खिशातून, अशी ही विभागणी होती. औषधांचा खर्च तेव्हा तुलनेने कमी होता, म्हणून ते खपून गेले. पुढच्या चाळीस वर्षांत दीर्घकाळ घ्यायच्या औषधांची संख्या वाढत गेली आणि ही उणीव ज्येष्ठांना जाचू लागली. १९६७ साली केंद्र सरकारने औषधांसंबंधी अभ्यासगट नेमला. त्याचे काम १९६९ पर्यंत चालले, तरीही औषधांचा समावेश झाला नाही.

व्यवसायात मात्र बदलाची सुरुवात कॅलिफोर्नियातच झाली. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या रुग्णालयात, नवव्या मजल्यावर, फार्मासिस्टांना थेट वॉर्डात नेमण्याचा प्रयोग झाला. डॉक्टर आणि परिचारिकांच्या जोडीने ते रुग्णाच्या औषधयोजनेत भाग घेऊ लागले. 'क्लिनिकल फार्मसी' या शाखेचा हा आरंभ मानला जातो. १९६९ साली आचारसंहिताही बदलली आणि रुग्णाशी बोलण्याची मनाई गेली. पॅसिफिकच्या फार्मसी विभागाला याच सुमारास कॅलाव्हेरास नदीच्या उत्तर तीरावर प्रशस्त जागा मिळाली. अभ्यासक्रमातही रुग्णालयातला आणि दुकानातला प्रत्यक्ष अनुभव वाढत गेला.

नव्या शेजाऱ्यांचे दशक : १९७५ ते १९८५

१९७५ साली जॉन मिलिस यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने फार्मसीच्या भवितव्याविषयी अहवाल दिला. फार्मसी म्हणजे केवळ वस्तू पुरवणे नव्हे, ती ज्ञान पुरवणारी सेवा आहे, हा त्याचा गाभा होता. देशभरातल्या महाविद्यालयांनी अभ्यासक्रम त्या दिशेने वळवले.

त्याच वर्षी व्हिएतनाम युद्ध संपले. पुढच्या काही वर्षांत व्हिएतनामी, कंबोडियन, लाओशियन आणि मोंग कुटुंबे निर्वासित म्हणून मोठ्या संख्येने खोऱ्यात आली. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी येत नव्हते, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचता येत नव्हता. नातवंडे दुभाष्याचे काम करत. त्यांतलीच काही मुलेमुली पुढे फार्मासिस्ट होण्यासाठी शिकू लागली. संस्थेच्या पुढच्या सेवाकार्यात भाषांचे जे बळ दिसते, त्याचे मूळ या दशकात आहे.

ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्निया राज्याने ज्येष्ठांना आरोग्यविम्याविषयी मोफत आणि निष्पक्ष सल्ला देणारा 'हायकॅप' हा कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रशिक्षित स्वयंसेवक काम करतात. हा कार्यक्रम आजही जिल्ह्याजिल्ह्यांत चालू आहे.

अपेक्षा आणि धक्का : १९८५ ते १९९५

१ जुलै १९८८ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी एका कायद्यावर सही केली आणि मेडिकेअरमध्ये औषधांचा खर्च टप्प्याटप्प्याने समाविष्ट करायचे ठरले. त्याचा भार मात्र ज्येष्ठांवरच, विशेषतः बऱ्या उत्पन्नाच्या ज्येष्ठांवर टाकला होता. कायद्यात काय मिळणार आणि त्यासाठी काय भरावे लागणार, हे लोकांपर्यंत नीट पोचलेच नाही. असंतोष इतका वाढला की ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत संतापलेल्या वृद्धांनी काँग्रेस सदस्य डॅन रोस्टेन्कोव्स्की यांच्या मोटारीला गराडा घातला. वर्ष संपण्यापूर्वी कायदा रद्द झाला. ज्येष्ठांना न समजलेली योजना कागदावर कितीही चांगली असली तरी टिकत नाही, हा धडा त्यातून सर्वांनी घेतला.

लगेच १९९० साली एका मोठ्या अर्थसंकल्पी कायद्यातून दोन महत्त्वाच्या गोष्टी झाल्या. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतील रुग्णांना औषध देताना फार्मासिस्टने समुपदेशन देऊ करावे, अशी तरतूद आली आणि १९९३ पासून अमलात आली. बहुतेक राज्यांनी ती पुढे सर्वच रुग्णांना लागू केली. दुसरे म्हणजे, ज्येष्ठांना विम्याविषयी सल्ला देणाऱ्या राज्यस्तरीय केंद्रांना केंद्र सरकारचा निधी मिळू लागला. १९५२ साली ज्याला बोलायची मनाई होती, त्या फार्मासिस्टवर आता बोलण्याची जबाबदारी आली. महाविद्यालयात संवादकौशल्याचे तास आणि रुग्णाशी बोलण्याचा सराव यांना महत्त्व आले ते याच काळात.

पूर्वतयारी : १९९५ ते २००५

फार्मसीच्या शिक्षणात 'फार्म. डी.' (डॉक्टर ऑफ फार्मसी) ही पदवी देशभर अनिवार्य होण्याचा हा काळ. कॅलिफोर्नियात ती आधीपासून रुळली होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५० साली तिचा पायंडा पाडला. पॅसिफिकने हा अभ्यासक्रम चारऐवजी सलग तीन वर्षांत पूर्ण करण्याची पद्धत बसवली. लांबलचक सुट्ट्या नाहीत, शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. त्यामुळे इथला विद्यार्थी लवकर लोकांत जाऊ लागला. लाँग्स ड्रग्ज ही औषधदुकानांची साखळी १९३८ साली आपल्या भावासह सुरू करणारे थॉमस जे. लाँग यांचे नाव महाविद्यालयाला देण्यात आले. दात्यांचे आणि माजी विद्यार्थ्यांचे हे ऋण संस्था आदराने नोंदवते.

बाहेर औषधांच्या किमती चढत होत्या. वृद्धांचे गट बस करून कॅनडात किंवा मेक्सिकोत स्वस्त औषधे आणायला जात. कुणी गोळीचे दोन तुकडे करून दोन दिवस पुरवत, कुणी रक्तदाबाचे औषध घ्यावे की विजेचे बिल भरावे, याचा हिशेब करत. अखेर ८ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने मेडिकेअरमध्ये औषधांचा 'पार्ट डी' आला.

शिबिरांचा आरंभ : २००५ ते २०१५

१ जानेवारी २००६ पासून पार्ट डी सुरू झाला. हा विमा सरकार स्वतः देत नाही, तो खासगी कंपन्यांच्या योजनांमधून घ्यावा लागतो. एकट्या कॅलिफोर्नियात पहिल्याच वर्षी चाळीसहून अधिक स्वतंत्र योजना ज्येष्ठांपुढे आल्या. प्रत्येकीचा हप्ता वेगळा, औषधयादी वेगळी, पसंतीची दुकाने वेगळी. एकच औषध एका योजनेत स्वस्त गटात, दुसरीत महाग गटात, तिसरीत यादीतच नाही. काही औषधांना कंपनीची पूर्वपरवानगी लागे, काहींसाठी आधी दुसरे स्वस्त औषध घेऊन पाहावे लागे, काहींच्या गोळ्यांच्या संख्येवर मर्यादा होती. मुदतीत नाव न नोंदवणाऱ्याला उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे राष्ट्रीय आधारभूत हप्त्याच्या एक टक्का दंड बसे, आणि तो बहुधा कायमचा हप्त्याला चिकटे.

सर्वांत गोंधळात टाकणारा भाग होता 'डोनट होल'चा. २००६च्या प्रमाणित योजनेचा हिशेब असा : पहिले २५० डॉलर स्वतःचे, त्यानंतर औषधांचा एकूण खर्च २,२५० डॉलर होईपर्यंत रुग्णाचा वाटा पंचवीस टक्के, त्यानंतर विमा थांबे आणि सारा खर्च रुग्णाचा, खिशातून ३,६०० डॉलर गेले की विमा पुन्हा सुरू होई आणि रुग्णाकडे साधारण पाच टक्के राहत. वर्षाला ४,००० डॉलरची औषधे लागणाऱ्याला हप्त्याखेरीज २,५०० डॉलर भरावे लागत. ऑगस्टपर्यंत थोड्या पैशांत मिळणारी बाटली सप्टेंबरात एकदम पूर्ण किमतीला का, हे काउंटरवर उभ्या वृद्धाला कळत नसे. मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही असलेल्या लाखो गरीब रुग्णांची नोंदणी सरकारने आपोआप केली होती. पण जानेवारी २००६ मध्ये संगणकांवर अनेकांची नावे सापडली नाहीत, आणि कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांना तातडीने स्वतःच्या पैशातून औषधे पुरवावी लागली.

या परिस्थितीत २००७ साली पॅसिफिकचे प्राध्यापक राजुल पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी विद्यार्थ्यांची फिरती शिबिरे सुरू केली. याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या फार्मसी महाविद्यालयाने 'पार्टनर्स इन डी' या उपक्रमातून राज्यातल्या सातही फार्मसी महाविद्यालयांच्या अध्यापकांना या कामाचे प्रशिक्षण दिले; पॅसिफिक त्या सातांपैकी एक. नव्या कामाचा बोजा किती घ्यावा, अभ्यासक्रमात त्याला किती जागा द्यावी, याविषयी अशा वेळी सर्वांचे एकमत असतेच असे नाही. काम सुरू झाले आणि वाढत गेले, हे महत्त्वाचे.

शिबिराची पद्धत तेव्हापासून साधारण एकच आहे. विद्यार्थी आधी या विषयाचा खास अभ्यासक्रम पूर्ण करतात. नोंदणीचा काळ आला की ज्येष्ठांच्या केंद्रांत, समाजमंदिरांत टेबले मांडली जातात. ज्येष्ठांनी येताना मेडिकेअरचे कार्ड आणि घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायची. विद्यार्थी एकेक बाटली हातात घेऊन नाव, मात्रा आणि दिवसातून किती वेळा, हे मेडिकेअरच्या 'प्लॅन फाइंडर' या संकेतस्थळावर भरतो. सगळ्या योजनांचा वर्षभराचा एकूण खर्च समोर येतो. हप्ता कमी असलेली योजना वर्षाअखेर महाग पडू शकते, हे इथे आकड्यांत दिसते. शेजारच्या गावातल्या एका दुकानाऐवजी दुसऱ्या दुकानातून औषधे घेतली तर किती फरक पडतो, तेही दिसते. अनेकांची वर्षाची बचत शेकडो डॉलरच्या घरात जाते.

पण पिशवी उघडली की विम्यापलीकडचेही बरेच कळते. कंपनीच्या नावाचे एक औषध आणि जेनेरिक नावाचे दुसरे, अशा दोन बाटल्यांत एकच औषध असते आणि आजी दोन्ही घेत असतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसोबत गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेले आयबुप्रोफेन असते. झोपेची जुनी गोळी असते, जिने म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊ शकतो. विद्यार्थी हे टिपतो, सोबतचे परवानाधारक फार्मासिस्ट तपासतात आणि गरज असेल तिथे डॉक्टरांशी बोलायला सांगतात. शेजारच्या टेबलांवर रक्तदाब तपासणे, लसी देणे, हाडांची तपासणी असे कामही चालते.

एक नियम सुरुवातीपासून काटेकोर पाळला गेला. विद्यार्थी योजना विकत नाही आणि अमुकच घ्या असे म्हणत नाही. तो तुलना करून दाखवतो, अर्थ सांगतो, निर्णय ज्येष्ठाचा. कमिशनवर काम करणाऱ्या एजंटांच्या जाहिरातींनी भांबावलेल्या माणसाला या निष्पक्षपणाचे मोल फार वाटते, आणि विद्यार्थी पुढच्या वर्षी आले की तो पुन्हा येतो.

या दशकात शहरानेही कठीण दिवस पाहिले. २००७-०८च्या घरकर्जसंकटात स्टॉकटन देशात सर्वाधिक झळ बसलेल्या शहरांपैकी एक होते. २०१२ साली शहराने दिवाळे जाहीर केले. तोवर अमेरिकेतल्या इतक्या मोठ्या शहराने असे केले नव्हते. निवृत्त महापालिका कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा बंद झाला. नोकरीत मिळालेल्या विम्यावर ज्यांनी विसंबून राहायचे ठरवले होते, त्यांना आता सारे नव्याने समजून घ्यायचे होते. ज्या शहरात हजारो घरांचे गणित कोलमडले होते, तिथे शेकडो डॉलरची बचत म्हणजे महिन्याचा किराणा होता. मोफत सल्ल्याचा अर्थ त्या वर्षांत शहराला सर्वांत जास्त कळला.

पक्वतेचे दशक : २०१५ ते २०२५

२०१० सालच्या आरोग्यकायद्याने 'डोनट होल' हळूहळू भरत आणले आणि २०२० साली ते पूर्ण भरले. तरी खर्चाला वरची मर्यादा नव्हती. कॅन्सर किंवा संधिवाताच्या महागड्या औषधांवर पाच टक्केही हजारोंच्या घरात जात.

२०२०च्या महासाथीने समोरासमोर बसण्याचे कामच धोक्याचे केले. ज्यांना मदत करायची, तेच सर्वांत असुरक्षित होते. देशभर विमा सल्ल्याचे काम दूरध्वनीवर आणि व्हिडिओवर वळले. बाटलीवरची बारीक अक्षरे फोनवर वाचून घेणे, ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आकडे दोनदा सांगणे, हे नवे कौशल्य विद्यार्थ्यांच्या या पिढीने शिकून घेतले.

१६ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी सही केलेल्या कायद्याने पार्ट डीचे रूप बदलले. २०२३ पासून योजनेच्या यादीतल्या प्रत्येक इन्शुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरहून अधिक लागत नाहीत आणि नागिणीच्या लसीसारख्या शिफारस केलेल्या लसी मोफत झाल्या. २०२४ पासून कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणाऱ्या 'एक्स्ट्रा हेल्प'चा पूर्ण लाभ अधिक लोकांना मिळू लागला. २०२५ पासून वर्षभराच्या औषधखर्चाला २,००० डॉलरची मर्यादा आली, २०२६ साठी ती २,१०० डॉलर झाली. हा खर्च दरमहा थोडाथोडा भरण्याची सोयही झाली. एलिक्विस, जानुव्हिया, एन्ट्रेस्टो यांसारख्या दहा औषधांच्या, मेडिकेअरने वाटाघाटी करून ठरवलेल्या किमती २०२६ पासून लागू होतात.

इतके झाल्यावर विद्यार्थ्यांची गरज संपली का? उलट ती वाढली. मर्यादा लागू होते ती योजनेच्या यादीतल्या औषधांनाच. यादीबाहेरच्या औषधाचे पैसे त्यात धरले जात नाहीत. यादी दरवर्षी बदलते. सप्टेंबरात कंपनीकडून बदलांचे जाडजूड पत्र येते आणि बहुतेक घरांत ते न वाचता खणात जाते. 'एक्स्ट्रा हेल्प'ला पात्र असूनही अर्ज न केलेले अनेक जण असतात. चांगला कायदा ज्येष्ठाच्या घरात पोचतो तो कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवल्यावरच. १९८९चा धडा आजही तितकाच खरा आहे.

आजचे कार्य

आज स्टॉकटन, लोडाय, मोडेस्टो, सॅक्रामेंटो आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील गावांत ही शिबिरे होतात. आतापर्यंत हजारो ज्येष्ठांनी त्यांचा लाभ घेतला आहे. स्पॅनिश, व्हिएतनामी, चिनी, पंजाबी, हिंदी बोलणारे विद्यार्थी आपल्या आजीआजोबांशी बोलावे तसे समोरच्याशी बोलतात. या कामातून अध्यापकांनी शोधनिबंध लिहिले आणि योजना तपासून बदलल्यास किती बचत होते, याचा अभ्यास व्यवसायापुढे ठेवला.

विद्यार्थ्यालाही यातून जे मिळते, ते प्रयोगशाळेत मिळत नाही. औषध कसे काम करते हे त्याला ठाऊक असते. ते घेणे माणसाला का परवडत नाही, हे त्याला इथे कळते. 'रुग्ण औषध वेळेवर घेत नाही' असा शेरा मारण्यापूर्वी त्याची किंमत विचारावी, हे एकदा शिकलेला फार्मासिस्ट जन्मभर विसरत नाही. न परवडणारे औषध हे लिहून न दिलेल्या औषधासारखेच आहे. सत्तर वर्षांचे सार सांगायचे तर ते हेच.

ऋणनिर्देश आणि आवाहन

या वाटचालीत संस्थापक, अधिष्ठाते, अध्यापक, माजी विद्यार्थी, दाते, सुट्टीच्या दिवशी येऊन विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहणारे फार्मासिस्ट, जागा देणारी ज्येष्ठांची केंद्रे आणि हायकॅपचे स्वयंसेवक या सर्वांचा वाटा आहे. सर्वांत मोठा वाटा त्या ज्येष्ठांचा, ज्यांनी आपली औषधांची पिशवी विशी-पंचविशीतल्या मुलांपुढे विश्वासाने उघडली.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना या निमित्ताने काही सांगणे आहे. दहा वर्षांची करपात्र नोकरी झालेल्यांना पार्ट ए विनाहप्ता मिळतो. ग्रीनकार्डावर आलेल्या, तिथे कधी नोकरी न केलेल्या पासष्टीच्या आईवडिलांना सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर मेडिकेअर विकत घेता येते. ती पाच वर्षे पूर्ण होताच चौकशी करून मुदतीत नाव नोंदवावे, म्हणजे दंड बसत नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या 'उत्तररंग'सारख्या व्यासपीठांवर आणि गावोगावच्या मराठी मंडळांत अशी शिबिरे भरवता येतील. फार्मसी शिकणारी मराठी मुले आज अनेक राज्यांत आहेत. अशी शिबिरे होतात का, हे त्यांनी आपल्या महाविद्यालयात विचारावे, होत नसतील तर सुरू करावीत.

दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा योजना बदलण्याचा काळ असतो. त्या आठवड्यांत प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांची औषधे टेबलावर मांडावी, नावे आणि मात्रा लिहून काढाव्या, आणि पुढच्या वर्षीच्या योजनेत ती आहेत की नाहीत हे पाहावे. स्वतःला जमत नसेल तर जवळच्या फार्मसी महाविद्यालयाला किंवा राज्याच्या मोफत सल्लाकेंद्राला फोन करावा. ही मदत घेण्यासाठी एक पैसाही लागत नाही.